एकच इमेज, चार मोंढे: कंटेनरला कॉन्फिगरेशन द्यायचं कुठून?

प्रश्न थोडक्यात असा. लातूरच्या एका टीमने आडत दुकानांसाठी पट्टी (शेतकऱ्याला मिळणारी विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी) आणि आवक नोंदीचं सॉफ्टवेअर केलं आहे. लातूर, उदगीर, हिंगोली आणि जालना इथल्या मोंढ्यांत ते छोट्या सर्व्हरवर डॉकर कंपोजने चालतं (एका मशीनवर कंटेनर, म्हणजे अॅपचे बंदिस्त डबे, चालवणारं साधन). मोठ्या ग्राहकांसाठी तेच छत्रपती संभाजीनगरमधून कुबरनेटीसवर चालतं (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी यंत्रणा). डेटाबेसचा पत्ता, पट्टीवरचं शीर्षक, एसएमएसची की हे सगळं इमेजमध्येच (ज्या तयार साच्यातून कंटेनर बनतो त्यातच) भरलेलं असल्यामुळे प्रत्येक गावाची इमेज वेगळी बनते. आता इमेज एकच ठेवायची आहे. सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (पुढे 'एन्व्ह': सुरू होताना बाहेरून दिलेली नाव-किंमत जोडी) टाकलं तर चालेल का? आणि कॉन्फिगमॅप (कुबरनेटीसमध्ये सेटिंग ठेवायची जागा) बदलला तरी अ‍ॅप जुनंच का दाखवतं?

पहिल्याचं उत्तर: नाही, सगळं टाकू नका. दुसऱ्याचं: कुबरनेटीस सांगितल्याप्रमाणेच वागतोय, सांगण्यात गफलत आहे. दोन्हींचं मूळ एकच आहे. प्रत्येक सेटिंग कोण बदलतं, किती वेळा बदलतं आणि बदलल्यावर अ‍ॅप बंद करून चालू करणं परवडतं का, हे ठरवायच्या आधीच साधन निवडलं जातं.

(आज्ञा आणि नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.)

आधी निवडणी करा. तुमच्या यादीत आडतीचा दर, हमाली, तोलाई आणि बाजार शुल्कही 'कॉन्फिग' म्हणून आहे. ते कॉन्फिगरेशन नाही, डेटा आहे. उद्या दर बदलला आणि तो एन्व्ह व्हेरिएबलमध्ये असला, तर मागच्या हंगामातली सोयाबीनची पट्टी पुन्हा छापताना नव्या दराने छापली जाईल. शेतकऱ्याच्या हातातली जुनी पट्टी आणि तुमची दुसरी प्रत जुळणार नाही, आणि वाद आडत्याच्या गल्ल्यावर होईल. दर टेबलमध्ये ठेवा, 'लागू दिनांक' या कॉलमसकट. जिल्ह्याचं नावही तसंच. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा ज्यांनी नाव कोडमध्ये कोरलं होतं त्यांना नवी इमेज बांधावी लागली, आणि ज्यांनी नावालाच की बनवलं होतं त्यांचे जुने रिपोर्ट तुटले. नाव मास्टर टेबलमध्ये असावं, कोड न बदलणारा असावा.

हे बाजूला काढल्यावर जे उरतं ते तीन जातींचं. पहिली: ठिकाणानुसार बदलणारं पण गुप्त नसलेलं, म्हणजे डेटाबेसचा होस्ट, पोर्ट, लॉगची पातळी, दुकानाचा कोड. अशा छोट्या, एकेरी किमतींना एन्व्ह व्हेरिएबल उत्तम. दुसरी: रचना असलेलं, म्हणजे पट्टीचा टेम्प्लेट, एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं कॉन्फिग, प्रिंटरची यादी. हे फाइल म्हणूनच माउंट करा (बाहेरून कंटेनरमध्ये जोडा), चाळीस व्हेरिएबल जोडून जेसन बनवत बसू नका. तिसरी: पासवर्ड आणि की. त्या फाइलमधून द्या, एन्व्हमधून शक्यतो नाही. कारण पुढे येईल.

इमेजमध्ये काय राहावं? फक्त डीफॉल्ट, आणि तेही सगळीकडे चालतील असेच. बिल्डच्या (इमेज बांधायच्या) वेळी 'आर्ग' या व्हेरिएबलमधून पासवर्ड देऊ नका. डॉकर हिस्टरी पाहिली की तो सरळ दिसतो. बिल्ड करताना खाजगी रिपॉझिटरीचं टोकन लागतच असेल, तर बिल्डकिटचं (डॉकरच्या बिल्ड यंत्रणेचं) सीक्रेट माउंट वापरा, ते इमेजच्या लेयरमध्ये, म्हणजे थरात, उरत नाही. फ्रंटएंडची गोष्ट वेगळी. रिअ‍ॅक्ट किंवा व्हीटने बांधलेल्या पानात एपीआयचा पत्ता बिल्डच्याच वेळी जावास्क्रिप्टमध्ये उतरतो. नंतर कंटेनरला कितीही एन्व्ह दिले तरी ब्राउझरला त्याचा पत्ता नसतो. त्यासाठी एक छोटी कॉन्फिग जेएस फाइल वेगळी ठेवा, ती बाहेरून माउंट करा आणि इंडेक्स पानात मुख्य स्क्रिप्टच्या आधी लोड करा. त्या फाइलला ब्राउझर कॅशे करणार नाही असा हेडर लावायला विसरू नका, नाहीतर हिंगोलीचा संगणक आठवडाभर जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहील.

आता मोंढ्यातले छोटे सर्व्हर. इथे कंपोज पुरेसं आहे. बाहेरचा कॉन्फिग सर्व्हर आणूच नका: नेट गेलं, त्यातच वीज जाऊन मशीन परत उठलं, आणि अ‍ॅप कॉन्फिगसाठी संभाजीनगरकडे तोंड करून बसलं, तर सौदा सुरू असताना पट्टी निघणार नाही. सगळं त्या मशीनवरच असू द्या.

कंपोजमध्ये सगळ्यात जास्त घोळ दोन फाइलींच्या गल्लतीतून होतो. प्रकल्पाच्या फोल्डरमधली डॉट एन्व्ह फाइल ही कंपोजची फाइल भरण्यासाठी असते, म्हणजे डॉलर-महिरपीतली नावं बदलायला. तिच्यातलं काहीही आपोआप कंटेनरमध्ये जात नाही. कंटेनरमध्ये पाठवायचं असेल तर एन्व्ह फाइल हा वेगळा गुणधर्म लिहावा लागतो, किंवा एन्व्हायर्नमेंटखाली नाव द्यावं लागतं. एकच नाव दोन्हीकडे असलं तर एन्व्हायर्नमेंटखालचं जिंकतं, मग एन्व्ह फाइल, आणि सगळ्यात शेवटी इमेजमधला डीफॉल्ट. 'मी फाइल बदलली पण फरक पडत नाही' या तक्रारीत बहुतेक वेळा वरच्या पायरीवर तेच नाव कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. अंदाज बांधू नका, 'डॉकर कंपोज कॉन्फिग' चालवा. सगळं भरून झालेली अंतिम फाइल समोर येते. तिच्यात पासवर्डही उघडे दिसतात, तेव्हा तिचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

नाव दिलंच नाही तर कंपोज एक इशारा देतं आणि रिकामी किंमत भरून पुढे जातं. इशारा कुणी वाचत नाही. म्हणून जे लागतंच ते डॉलर-महिरपीत नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लावून लिहा, त्यापुढे संदेश: 'दुकानाचा कोड भरा'. मग कंपोज तिथेच थांबतं.

पासवर्डमध्ये डॉलरचं चिन्ह असेल तर कंपोज त्याला व्हेरिएबल समजतं आणि पुढचा भाग गिळतं. डॉट एन्व्हमध्ये तो एकेरी अवतरणात लिहा. कंपोजच्या यामलमध्येच (तिच्या मुख्य फाइलमध्येच) लिहायचा असेल तर डॉलर दोनदा. अवतरणाशिवाय लिहिलेल्या किमतीत मोकळी जागा आणि पुढे हॅशचं चिन्ह (#) आलं, की उरलेलं सगळं टिप्पणी म्हणून गळतं. गंमत म्हणजे हीच फाइल 'डॉकर रन'ला (एकटा कंटेनर चालवायच्या आज्ञेला) दिली तर नियम बदलतात. तिथे अवतरणचिन्हं काढली जात नाहीत, ती किमतीचाच भाग होतात. कंपोजवर चालणारी फाइल डॉकर रनवर 'पासवर्ड चुकीचा' म्हणते ती यामुळे.

बदल केल्यावर 'डॉकर कंपोज रीस्टार्ट' करू नका. रीस्टार्ट जुनाच कंटेनर जुन्याच एन्व्हसह परत उठवतं. 'डॉकर कंपोज अप' वजा डी लावून चालवा, म्हणजे फरक ओळखून कंटेनर नव्याने बनतो.

फाइल माउंट करताना दोन गोष्टी सांभाळा. होस्टवर ती फाइल नसेल आणि माउंट छोट्या पद्धतीने लिहिलेलं असेल, तर डॉकर त्या नावाचं रिकामं फोल्डर तयार करतं, आणि अ‍ॅप 'ही फाइल नाही, डिरेक्टरी आहे' म्हणून कोसळतं. नव्या गावात बसवताना हे हमखास होतं. दुसरं, एकटी फाइल माउंट केली असेल तर विम किंवा सेड वजा आय तिला बदलत नाहीत, नवी फाइल लिहून जुनीचं नाव तिला देतात. कंटेनर जुन्या आयनोडलाच (डिस्कवरच्या जुन्या फाइललाच) चिकटून राहतो आणि बाहेर नवं, आत जुनं असं दिसतं. फाइलीऐवजी तिचं फोल्डर माउंट केलं की हा त्रास संपतो.

आता कुबरनेटीस, आणि तुमचा दुसरा प्रश्न. कॉन्फिगमॅप तीन मार्गांनी पॉडमध्ये (कुबरनेटीस कंटेनर ज्या गटात चालवतो त्यात) जातो आणि तिन्हींचं वागणं वेगळं आहे. एन्व्ह म्हणून दिला तर किंमत कंटेनर सुरू होताना एकदाच वाचली जाते. चालू प्रक्रियेचं एन्व्ह बाहेरून बदलता येत नाही, त्याला कुबरनेटीसही अपवाद नाही. व्हॉल्यूम (माउंट केलेलं फोल्डर) म्हणून दिला तर क्युबलेट, म्हणजे त्या मशीनवरचा कुबरनेटीसचा कारभारी, फाइल अद्ययावत करतो, पण लगेच नाही. त्याचा फेरा मुळात एक मिनिटाचा, वर कॅशेचा उशीर, म्हणून साधारण एक-दोन मिनिटं धरा. आणि सबपाथने एकच फाइल माउंट केली असेल तर ती कधीच अद्ययावत होत नाही. तुमच्या वर्णनावरून पट्टीचा टेम्प्लेट सबपाथवर आहे आणि बाकी एन्व्हमध्ये. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी: तुम्ही कॉन्फिगमॅप पुन:पुन्हा अप्लाय करताय, आणि पॉडला त्याची खबरच नाही.

सबपाथ लोक का वापरतात तेही समजून घ्या. कॉन्फिगमॅप सरळ एनजिनएक्सच्या मूळ कॉन्फिग फोल्डरवर माउंट केला, तर इमेजमधल्या तिथल्या बाकी सगळ्या फाइली झाकल्या जातात आणि एनजिनएक्स माइम टाइप्सची फाइल सापडत नाही म्हणून उठत नाही. मग कुणीतरी सबपाथ सुचवतं. त्यापेक्षा स्वतःचं रिकामं फोल्डर निवडा, एनजिनएक्सच्या बाबतीत कॉन्फ डी, आणि अ‍ॅपला तिथून वाचायला सांगा.

फाइल अद्ययावत झाली म्हणजे अ‍ॅपने ती परत वाचली असंही नाही. शिवाय अ‍ॅपमध्ये फाइलवर लक्ष ठेवणारा कोड असला तरी तो इथे चुकू शकतो. कॉन्फिगमॅपच्या व्हॉल्यूममध्ये दिसणारी फाइल ही खरं तर सिमलिंक, म्हणजे नुसता दुवा, असते. ती 'दोन ठिपके डेटा' नावाच्या दुसऱ्या सिमलिंककडे बोट दाखवते, आणि तो तारीख-वेळेच्या नावाच्या फोल्डरकडे. बदल झाला की नवं फोल्डर बनतं आणि मधला सिमलिंक एका झटक्यात फिरवला जातो. त्यामुळे 'फाइलमध्ये लिहिलं गेलं' ही घटना घडतच नाही. लक्ष फाइलवर न ठेवता फोल्डरवर ठेवावं लागतं.

माझं स्पष्ट मत: पट्टीच्या सॉफ्टवेअरसाठी चालू अवस्थेत कॉन्फिग बदलण्याच्या नादाला लागू नका. बदल झाला की पॉड नवे, एवढा सरळ नियम ठेवा. अडचण अशी की फक्त कॉन्फिगमॅप बदलला तर डिप्लॉयमेंटच्या (कोणते पॉड किती हवेत हे सांगणाऱ्या नोंदीच्या) दृष्टीने काहीच बदललेलं नसतं, म्हणून रोलआउट, म्हणजे जुन्यांच्या जागी नवे पॉड येणं, होत नाही. 'क्युबक्टल रोलआउट रीस्टार्ट' हा हाताने करायचा उपाय झाला. तो विसरला की खरा गोंधळ सुरू होतो. समजा तीन पॉड आहेत. कॉन्फिगमॅप सकाळी बदलला, दुपारी मेमरी संपून एका पॉडमधला कंटेनर मेला आणि परत उठला. उठताना त्याने एन्व्ह नव्याने वाचलं. आता तीनपैकी एक पॉड नव्या सेटिंगवर, दोन जुन्या. आडत्याला एकाच तासात तीन पट्ट्या निघतात, दोनवर जुना एसएमएस पाठवणारा आयडी, एकावर नवा. लॉगमध्ये एरर कुठेच नाही.

यावर पक्का इलाज म्हणजे कॉन्फिगमॅपच्या नावातच मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली खूण). कुबरनेटीसच्या फाइली बनवणाऱ्या कस्टमाइझ या साधनाचा कॉन्फिगमॅप जनरेटर हे आपोआप करतो: मजकूर बदलला की नाव बदलतं, नाव बदललं की डिप्लॉयमेंटचा टेम्प्लेट बदलतो, आणि रोलआउट होतो. हेल्म हे तसंच दुसरं साधन वापरत असाल तर पॉडच्या टेम्प्लेटवर चेकसमचं अ‍ॅनोटेशन लावतात, त्यानेही रोलआउट होतो. मला पहिला मार्ग जास्त आवडतो, कारण जुना कॉन्फिगमॅप जागेवर राहतो. मागे जायची वेळ आली तर जुना कोड जुन्या कॉन्फिगसह परत येतो. नाव एकच ठेवून मजकूर बदलत गेलात तर रोलआउट अनडू केल्यावर जुन्या कोडच्या गळ्यात नवं कॉन्फिग पडतं. हॅश असलेले कॉन्फिगमॅप 'इम्युटेबल' (न बदलता येणारे) म्हणूनही घोषित करा, म्हणजे कुणी घाईत क्युबक्टल एडिट मारू शकणार नाही.

काही लक्षणं ओळखून ठेवा. पॉड 'क्रिएट कंटेनर कॉन्फिग एरर'वर अडकला असेल तर एन्व्हमध्ये सांगितलेला कॉन्फिगमॅप, सीक्रेट (पासवर्डसाठीची कुबरनेटीसची जागा) किंवा त्यातली की सापडत नाही, बहुतेक वेळा नेमस्पेस, म्हणजे कुबरनेटीसमधला कप्पा, वेगळी असते. 'कंटेनर क्रिएटिंग'वरच तासभर बसला आणि इव्हेंटमध्ये 'फेल्ड माउंट' असेल तर तीच उणीव व्हॉल्यूमकडे आहे. कॉन्फिगमॅपची मर्यादा १ एमआयबी, पण साध्या अप्लायने त्याआधीच अडाल. मागचा मजकूर अ‍ॅनोटेशनमध्ये ठेवला जातो आणि अ‍ॅनोटेशनची मर्यादा २,६२,१४४ बाइट. पट्टीसाठीचा देवनागरी फाँट आणि समितीचा लोगो कॉन्फिगमॅपमध्ये कोंबू नका, त्यांची जागा इमेजमध्ये.

एक सापळा मात्र जाणत्यांनाही चकवतो. नेमस्पेसमध्ये 'रेडिस' नावाची सर्व्हिस (पॉडपर्यंत पोचायचा पक्का पत्ता) असेल तर कुबरनेटीस प्रत्येक नव्या पॉडमध्ये 'रेडिस_पोर्ट' नावाचं व्हेरिएबल आपणहून घालतो, आणि त्यात ६३७९ हा नुसता पोर्टचा आकडा नसतो, टीसीपी पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता असतो. तुमचं अ‍ॅप त्याच नावातून आकडा वाचत असेल तर 'हा आकडा नाही' म्हणून पडतं. सर्व्हिस पॉडच्या नंतर बनली असेल तर पहिल्या दिवशी सगळं चालतं, आणि पॉड पुन्हा बनला की पडतं. पॉडच्या स्पेकमध्ये 'एनेबल सर्व्हिस लिंक्स' फॉल्स करा, आणि स्वतःच्या व्हेरिएबलना एखादा उपसर्ग लावा, उदाहरणार्थ 'पट्टी_'.

किमतींचे प्रकार हा यामलमधला जुना रोग. छत्रपती संभाजीनगरचा एसटीडी कोड ०२४०. हेल्मच्या व्हॅल्यूज फाइलमध्ये तो अवतरणाशिवाय लिहिलात तर सुरुवातीच्या शून्यामुळे तो अष्टमान (आठाच्या पायावरचा) आकडा समजला जातो आणि पट्टीवर १६० छापला जातो. नांदेडचा ०२४६२ त्याच न्यायाने १३३० होतो. लातूरच्या ०२३८२ मध्ये ८ आहे, तो अष्टमानात बसत नाही, म्हणून तिथे वेगळंच काहीतरी दिसतं आणि चूक एकाच गावाची आहे असा भास होतो. दहा आकडी मोबाइल नंबर हेल्ममधून ई+०९ असलेल्या शास्त्रीय रूपात बाहेर पडतो. टेम्प्लेटमध्ये 'कोट' लावून उपयोग नाही, तोवर किंमत बिघडलेली असते. अवतरण व्हॅल्यूज फाइलमध्येच हवं. कॉन्फिगमॅप आणि एन्व्हमध्ये थेट लिहिताना निदान एपीआय सर्व्हर आकडा नाकारतो, तिथे मजकूरच लागतो. यस, नो, ऑन, ऑफ यांनाही अवतरण द्या.

मराठी मजकूर एन्व्हमध्ये ठेवू नका. बऱ्याच इमेजमध्ये लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) पॉझिक्स असतं, आणि जावा १७ किंवा त्याआधीची असेल तर डीफॉल्ट अक्षरसंच त्यावरूनच ठरतो. परिणाम: पट्टीच्या डोक्यावर 'कृषी उत्पन्न बाजार समिती'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. फाइलमध्ये ठेवा, यूटीएफ-८ म्हणून वाचा, आणि लँग 'सी डॉट यूटीएफ-८' करून टाका. जावाच्या प्रॉपर्टीज फाइलमध्येही नको. बाइट स्ट्रीममधून वाचताना ती आयएसओ-८८५९-१ धरली जाते आणि देवनागरीचा चिखल होतो. यामल किंवा जेसन वापरा.

वेळेचं व्हेरिएबल टीझेड 'एशिया/कोलकाता' दिलंत तरी अल्पाइनच्या इमेजमध्ये टीझेडडेटा पॅकेज नसेल तर घड्याळ यूटीसीवरच राहतं. रात्री बारा ते साडेपाचच्या दरम्यान गेटवर आलेल्या गाड्यांची आवक आदल्या दिवशी चढते. दिवसा तपासणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

आता पासवर्ड. एन्व्हमधला पासवर्ड डॉकर इन्स्पेक्टमध्ये उघडा दिसतो, प्रत्येक उपप्रक्रियेला वारशाने जातो, आणि एखादी लायब्ररी एरर रिपोर्टबरोबर सगळं एन्व्ह बाहेर पाठवते तेव्हा तोही जातो. फाइलमधून द्या. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलच्या अधिकृत इमेज नावापुढे '_फाइल' लावलेलं व्हेरिएबल घेतात आणि त्या पत्त्यावरून पासवर्ड वाचतात, तुमच्या अ‍ॅपलाही तीच सवय लावा. मात्र पोस्टग्रेसचं हे व्हेरिएबल डेटा फोल्डर रिकामं असतानाच, म्हणजे पहिल्यांदाच, लागू होतं. नंतर सीक्रेट बदलून डेटाबेसचा पासवर्ड बदलत नाही. आधी डेटाबेसमध्ये ऑल्टर रोल, मग सीक्रेट, मग रोलआउट.

कुबरनेटीसचं सीक्रेट बेस६४ मध्ये असतं, ते कुलूप नव्हे. एटसीडीमध्येही (कुबरनेटीसच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये) ते मुळात एन्क्रिप्शनशिवाय साठवलं जातं. एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं. गिटमध्ये ठेवायचं तर एसओपीएस किंवा सील्ड सीक्रेट्स या साधनांनी एन्क्रिप्ट करूनच. हाताने बनवताना 'इको'ला वजा एन लावायला विसरलं की शेवटी एक नवी ओळ चिकटते. डोळ्यांना पासवर्ड बरोबर दिसतो, डेटाबेस नाकारतो. डीकोड करून 'ओडी वजा सी'मधून बघा, शेवटी बॅकस्लॅश एन दिसला की चोर सापडला. स्ट्रिंगडेटा वापरलात तर बेस६४ ची भानगडच उरत नाही. आणि परवानगी ०४०० (फक्त मालकाला वाचता येईल अशी) ठेवून अ‍ॅप रूट नसलेल्या युजरने चालवत असाल, तर फाइल वाचता येणार नाही. एफएस ग्रुप (फाइलींचा गट ठरवणारी सेटिंग) द्या आणि ०४४०, म्हणजे गटालाही वाचता येईल अशी, ठेवा.

अ‍ॅपच्या बाजूने एकच गोष्ट मागतो: सुरू होताच सगळी सेटिंग एकदम तपासा आणि काय काय कमी आहे ते एकाच संदेशात सांगून बाहेर पडा. एक कमतरता, एक रीस्टार्ट, मग दुसरी कमतरता, असं फोनवर उदगीरच्या माणसाकडून करून घेणं दोन्ही बाजूंना जड जातं. तपासणी पार पडली की गुप्त सोडून बाकी किमती लॉगमध्ये एकदा छापा, कोणती कुठून आली यासह.

बदल करताना आधी एकाच गावाचं कॉन्फिग बाहेर काढा, जुनी इमेज काढून न टाकता. नव्या इमेजवर दोन-चार बाजाराचे दिवस नीट गेले की बाकीची गावं. आणि एसएमएसची की, डेटाबेसचे पासवर्ड बदलाच. नवी इमेज स्वच्छ असली तरी जुन्या इमेजच्या लेयरमध्ये ते अजून आहेत, रजिस्ट्रीत आणि चारही मोंढ्यांतल्या डिस्कवर.